चर्चा : कायदादुरुस्तीवरच्या टिपणात खरे असलेले सगळेच लिहावे का?

तुकोगंजकर :
इंदुरातल्या आमच्या वाचनगटासाठी मी १३०व्या घटनादुरुस्ती विधेयकावर टिपण केले आहे. २० ऑगस्ट २०२५ रोजी लोकसभेत मांडलेल्या या विधेयकानुसार, पाच वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्याच्या आरोपावरून सलग ३० दिवस कोठडीत असलेल्या पंतप्रधानांचे, मुख्यमंत्र्यांचे किंवा मंत्र्यांचे पद जाते; सुटल्यावर पुन्हा नेमणूक होऊ शकते. आजच्या कायद्यात, म्हणजे लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१च्या कलम ८मध्ये, अपात्रतेसाठी आधी दोषी ठरावे लागते. गंभीर गुन्ह्यांत आरोपी कोठडीत असताना तपासाला ६० किंवा ९० दिवसांची मुदत असते, त्यामुळे आरोपपत्राआधीच पद जाऊ शकते, असेही मी लिहिले. हे वाक्य विरोधकांचे आहे, ते काढा, असे गटातल्या काहींचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही. मुदती मी ठरवलेल्या नाहीत.

सराफ्याजवळचा :
काका, वाक्य खरे आहे, पण निवड तुमची आहे. सरकारी नोकर ४८ तासांहून अधिक काळ कोठडीत राहिला तर तो निलंबित मानला जातो. मग मंत्र्यांना वेगळा न्याय का, हा विधेयकाच्या समर्थकांचा ठळक मुद्दा आहे आणि तुमच्या दोन पानांत तो कुठेच नाही. एका बाजूला टोचणारी वस्तुस्थिती तेवढी मांडायची आणि तिला नुसती माहिती म्हणायचे, हे वकिली कौशल्य झाले.

तुकोगंजकर :
तो नियम घालायला माझी हरकत नाही, परंतु निलंबनात नोकरी टिकते आणि निर्वाहभत्ता मिळतो, हेही त्याच ओळीत यावे लागेल. नाहीतर वाचकाला दोन्ही परिणाम सारखेच वाटतील.

निवृत्त पेशकार :
मला वाटते, आपण दोघे दोन वेगळी कामे एकाच परिच्छेदात कोंबत आहात. तपासाची मुदत हा विधेयकाच्या परिणामाचा भाग आहे, कारण ३० दिवसांचा आकडा तिच्याशी थेट भिडतो. सरकारी नोकरांशी तुलना हा युक्तिवाद आहे, म्हणून तो कोण करतो ते सांगून स्वतंत्र भागात द्यावा. (‘ऐतिहासिक’ आणि ‘काळा कायदा’ हे दोन्ही शब्द शीर्षकातून आधी काढा.) शिवाय विधेयक संयुक्त संसदीय समितीकडे पाठवलेले आहे आणि मजकूर बदलू शकतो, तेव्हा टिपण कोणत्या तारखेच्या मसुद्यावर आहे ते वर लिहावे.

सराफ्याजवळचा :
पेशकारसाहेब, तारखेचे मान्य. परंतु परिणाम म्हणायचे तर सुटकेनंतरची पुनर्नियुक्ती हाही परिणामच आहे, आणि काकांनी ती अर्धविरामापुढे चार शब्दांत उरकली आहे. तिला आरोपपत्राच्या मुद्द्याएवढी जागा मिळाली, तर निलंबनाशी तुलना इतकी परकी वाटणार नाही.

तुकोगंजकर :
जागा मोजून देणार नाही. पुनर्नियुक्ती ‘होऊ शकते’ एवढेच मसुद्यात आहे, ती कोणावर बंधनकारक नाही. हे एका वाक्यात सांगून होते, आणि ते वाक्य मी घालतो.