विषय: जुलैच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी लॅव्हेंडर, वालाँसोल की सो?

नमस्कार मंडळी,

आम्ही लियोंची तीन घरं मिळून जुलैच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्सला निघतोय. पुण्याहून आलेले माझे सासू-सासरे सोबत आहेत, शिवाय लहान मुलं. जो तो वालाँसोलचं नाव घेतो, पण १४ जुलैच्या सुट्टीनंतर तिथे कापणी उरकलेली असते असंही कानावर आलंय. सासूबाईंना फुलं बघायचीच आहेत आणि त्यांना फार चालवत नाही. आम्ही सगळे शाकाहारी, अंडंही चालत नाही. कुणी नीट सांगेल का?

– लियोंकर

---

अगं लियोंकर,

वालाँसोल सोड, वर सो गावाला जा.

सगळा खेळ उंचीचा आहे. वालाँसोलचं पठार ५००-६०० मीटरवर. तिथे मुख्यतः लॅव्हेंडिन लावतात, म्हणजे संकरित जात. ते जूनच्या मध्यापासून फुलतं आणि जुलैच्या मध्याला शेतात कापणीची यंत्रं उतरतात. तुम्ही जाल तेव्हा बऱ्याच शेतांत नुसते करड्या-हिरव्या बुंध्यांचे गड्डे दिसतील. सो गाव ७५० मीटरच्या वर आहे. तिथे खरी लॅव्हेंडर आहे, ती उशिरा फुलते, आणि १५ ऑगस्टला तिचा उत्सव असतो. एखादा आठवडा मागेपुढे होतोच, तरी तिसऱ्या शनिवार-रविवारी तिथे फुलं मिळतील.

शनिवारी सकाळी लियोंहून निघायचं मात्र मनातही आणू नकोस. जुलैतल्या शनिवारी अख्खा उत्तर फ्रान्स ए-७ महामार्गावरून दक्षिणेला लोटतो. 'बिझों फ्युते'चा, म्हणजे रस्त्यांवरच्या गर्दीचा सरकारी अंदाज बघ, तांबडा किंवा काळा दिवस असला तर गाडीत लहान मुलांचे आणि म्हाताऱ्यांचे फार हाल होतात. शुक्रवारी रात्री जेवून निघा, मुक्काम आप्त गावाजवळ करा.

आप्तचा शनिवारचा बाजार मोठा असतो, त्यासाठी आठलाच पोचा. काव्हायोंची खरबुजं, चेस्टनटच्या पानात बांधलेलं बानोंचं बकरीचं चीज आणि 'पती एपोत्र' घ्या. हा सालीचा जुना गहू आहे, आपल्या खपलीच्या जातकुळीतला, आणि सोच्या आसपासच पिकतो. आम्ही मुक्कामाच्या घरी त्यात गाजर-दुधी घालून तुपाची फोडणी दिली. दाणा चिवट राहतो, पण खिचडी चवीला उत्तम झाली. हॉटेलात 'सूप ओ पिस्तू' घेतलंत तर आत डुकराच्या मांसाचे तुकडे घातलेत का हे आधी विचारा. कीशमध्ये अंडं असतंच.

दुपारी रूसियों. हे गेरूचं गाव आहे, पिवळ्यापासून लाल-तपकिरीपर्यंत सगळ्या छटांच्या भिंती. खाणीतल्या वाटेवर पांढरे कपडे घालू नका, डाग जात नाही. सासूबाईंना वाट जमली नाही तर गावातच सावलीत बसा, रंग तिथूनही दिसतात. गॉर्दला गर्दी फार, समोरच्या रस्त्यावरून बघितलंत तरी पुरे. सेनाँकचा मठ ११४८ सालचा आहे, पण त्यासमोरच्या फुलांची कापणी तुम्ही जाईपर्यंत झालेली असू शकते. फक्त फुलांसाठी तिथे जाऊ नका.

रविवारी सहाला उठून सँ-सातुर्नँवरून वर चढा. वाटेतच आल्बिओंचं पठार लागतं. आज तिथे सगळीकडे लॅव्हेंडर आणि मेंढ्या, पण १९७१ ते १९९६ या काळात याच जमिनीखाली फ्रान्सची अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रं १८ खंदकांत सज्ज होती. मला दर वेळी तिथून जाताना त्याची आठवण होते आणि ती फुलं अधिकच आवडतात.

सोमध्ये गावाच्या कडेला गच्चीसारखी मोकळी जागा आहे. खालचं सगळं खोरं, पट्ट्यापट्ट्यांची शेतं आणि मागे मों वाँतूचा डोंगर एका जागी बसून दिसतं. सासूबाईंना तिथे बसवा. ज्यांना चालायचंय त्यांच्यासाठी शेतांमधून चारेक किलोमीटरची वाट आखलेली आहे.

– एक्सची काकू

---

नमस्कार,

काकूंनी मार्ग सांगितलाच आहे. मी शेतीच्या बाजूने थोडं लिहितो, कारण आपल्याच ग्रुपवर गेल्या आठवड्यात आलेले काही फोटो बघून वाईट वाटलं. सरींच्या मधोमध बसलेली माणसं, हातात उपटलेले जुडगे.

मंडळी, ते पीक आहे. एका झाडाकडून शेतकऱ्याला वर्षानुवर्षं उत्पन्न काढायचं असतं. त्यात तुडतुड्यांमुळे पसरणाऱ्या एका रोगाने झाडं वाळून जातात आणि उन्हाळेही कोरडे होत चाललेत. पायवाटेवर उभं राहून फोटो काढा, फांद्या वाकवू नका. कासच्या पठारावर पर्यटकांच्या पायांखाली फुलं तुडवली गेली, मग कुंपण आणि बुकिंग आलं. आपल्याला हे कुणी शिकवायला नको. मधमाश्यांना घाबरू नका, त्या कामात असतात. फक्त अत्तर लावून जाऊ नका.

तेल घ्यायचं तर 'ओत-प्रोव्हान्स' असं मूळस्थान लिहिलेलं घ्या. १९८१ पासून ते नाव संरक्षित आहे आणि ८०० मीटरच्या वरच्या खऱ्या लॅव्हेंडरलाच मिळतं. एक किलो तेलाला खऱ्या लॅव्हेंडरची १०० किलोहून जास्त फुलं लागतात, लॅव्हेंडिनची ४० किलोच्या आसपास. किमतीतला फरक त्यातून येतो. ओळखायचं कसं? बाजारातली जुडी हातात घ्या. खऱ्या लॅव्हेंडरच्या काडीला एकच तुरा असतो. लॅव्हेंडिनच्या काडीला मुख्य तुऱ्याखाली बाजूला आणखी दोन छोटे फुटतात, आणि चुरगाळलं की भीमसेनी कापरासारखा वास नाकात चढतो.

वणव्याचा धोका वाढला की जंगलातल्या वाटा बंद करतात. आदल्या संध्याकाळी प्रीफेक्चरची (जिल्हा प्रशासनाची) सूचना बघून घ्या.

– ग्रेनोबलकर

---

काकू, दादा, मंडळी,

काल रात्री परतलो. शुक्रवारी रात्री निघालो ते फार बरं झालं, शनिवारी सकाळी रेडिओवर ए-७ च्या रांगा ऐकत आम्ही आप्तच्या बाजारात खरबूज खात होतो.

सोला फुलं होती, पण खालच्या अंगाच्या शेतांत कापणी सुरू झाली होती आणि त्यामुळेच आम्हाला तेल काढायची भट्टी बघायला मिळाली. हे मला सविस्तर सांगायचंय. मोठ्या पिंपात काड्यांसकट फुलं दाबून भरतात, खालून वाफ सोडतात, वरची वाफ नळीतून थंड होत एका उभ्या भांड्यात उतरते. भांड्यात खाली पाणी आणि वर फिकट पिवळ्या तेलाचा बोटभर थर. पिंपाचं झाकण उघडलं तेव्हा वाफाळत्या चोथ्याचा एवढा लोट आला की मुलं मागे पळाली. तो वाळवलेला चोथाच पुढच्या खेपेला भट्टीत जळण म्हणून घालतात. सासरे आमच्या मदतीने शेतकरी बाईंशी अर्धा तास बोलत राहिले: एकरी किती, मजूर किती, पाऊस किती. त्यांच्या लहानपणी घरी उसाचं गुऱ्हाळ होतं, त्यामुळे त्यांना सगळ्यांपेक्षा जास्त प्रश्न होते. निघताना त्या बाईंनी सासूबाईंच्या ओंजळीत भट्टीचं कोमट फुलपाणी घातलं. सासूबाईंनी ते चेहऱ्याला लावलं.

आम्ही तेल तिथूनच घेतलं. गावातल्या गच्चीवर सासूबाई दोन तास बसल्या, चालावं लागलं नाही. खिचडीही केली. दाणा रात्रभर भिजवला तर कमी चिवट होतो.

पुढच्या आठवड्यात कुणी जाणार असाल तर सोच्याही वर जा. लागार्द-द'आप्तच्या बाजूला, ११०० मीटरच्या आसपास, यंत्रं अजून शेतात उतरली नव्हती.

– लियोंकर