खिडकी हवी असताना अख्खा डेस्कटॉप कशाला ओढायचा?

बाणेरचा_टर्मिनल

गेल्या महिन्यात आमच्या टीममध्ये तीन नवी पोरं आली. काम चिप व्हेरिफिकेशनचं (चिपची रचना बरोबर चालते का ते तपासायचं), म्हणजे सगळी टूलं लिनक्सवर, आणि हातात दिलेला लॅपटॉप विंडोजचा. पहिल्याच दिवशी कुणीतरी तिघांना व्हीएनसी (दूरच्या मशीनचा अख्खा पडदा इकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकून दिलं. तेव्हापासून तिघंही एका खिडकीत दुसरा अख्खा डेस्कटॉप उघडून बसलेले असतात. खाली दोन टास्कबार, कोपऱ्यात दोन घड्याळं. ऑल्ट-टॅब मारला की इकडची खिडकी येणार की तिकडची, हे आधी आठवायचं. आणि एवढा संसार कशासाठी? एक वेव्हफॉर्म व्ह्यूअर (चिपमधल्या सिग्नलचे आलेख दाखवणारं टूल) आणि एक एडिटर बघायला!

माझं म्हणणं सरळ आहे. लॅपटॉपवर एक्स सर्व्हर टाका. एक्स म्हणजे लिनक्सच्या प्रोग्रॅमची खिडकी पडद्यावर काढणारी जुनी यंत्रणा. व्हीसीएक्ससर्व्ह फुकट आहे, मोबाएक्सटर्मची होम आवृत्तीही फुकट मिळते आणि तिच्यात एसएसएच (दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन) आणि एक्स दोन्ही एकत्र येतात. पुट्टी हा एसएसएचचा प्रोग्रॅम वापरत असाल तर एक्स 11 फॉरवर्डिंगच्या (एसएसएचमधून खिडकी इकडे आणायच्या) चौकोनात टिक करा, लॉगिन करा आणि टूलचं नाव टाइप करा. टूलची खिडकी तुमच्या मेल आणि ब्राउझरच्या शेजारी येऊन बसते, घरच्यासारखी.

नवख्यांचा इथे एक गोंधळ होतो. एक्समध्ये सर्व्हर म्हणजे तुमचा लॅपटॉप, कारण स्क्रीन, कीबोर्ड, माउस त्याच्याकडे आहे. सर्व्हररूममधलं भलंमोठं यंत्र हा गिऱ्हाईक, म्हणजे क्लायंट, ‘मला जरा इथे रेघ मारू दे’ म्हणून विनवणारा. एक्सचं काम 1984 मध्ये एमआयटीत सुरू झालं, आपण वापरतो ती 11वी आवृत्ती 1987 ची, आणि नेटवर्कवरून खिडकी दाखवणं हे तेव्हापासून त्याच्या रक्तातच आहे. मी वारज्यात, मशीन बाणेरला, पिंग (निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ) 8 मिलिसेकंद. ऑफिसात बसल्यासारखंच चालतं.

रात्रपाळी

राव, तुमच्या वारज्यात वीज जात नाही वाटतं. आमच्या धायरीत जाते.

रात्री दोन वाजता डीबग करत होतो. शंभरेक सिग्नल ओळीने लावलेले, कर्सर नेमका बिघाडाच्या कडेवर आणून ठेवलेला. इन्व्हर्टर होता पण राउटर त्याच्यावर नव्हता. लाइट गेली, एसएसएच तुटलं आणि त्याच्याबरोबर खिडकीही. नुसती खिडकी गेली असती तर ठीक, पण एक्सचं कनेक्शन तुटलं की पलीकडचं टूलही मरतं. दीड तास पाण्यात. दुसऱ्या दिवशी व्हीएनसी टाकलं. आता लाइट जाऊ दे, विंडोज अपडेट घेऊन रीस्टार्ट होऊ दे, परत जोडलं की कर्सर तिथल्या तिथे. दोन घड्याळं दिसतात म्हणून मी हे सोडणार नाही.

बाणेरचा_टर्मिनल

सिम्युलेशन टीमक्समध्ये (पलीकडच्या मशीनवर टर्मिनल जिवंत ठेवणारा प्रोग्रॅम) चालवा, तुटलं तरी ते चालूच राहतं. खिडकी फक्त निकाल बघायला. आणि सिग्नलची यादी सेव्ह करायची सोय प्रत्येक व्ह्यूअरमध्ये असते.

रात्रपाळी

असते. रात्री दोनला ती आठवत नसते.

अॅडमिनकाका

दोघंही आपापल्या सोयीचं बोलताय, निस्तरायला आम्ही आहोतच.

आधी एक्सवाले. व्हीसीएक्ससर्व्ह सुरू करताना एका पानावर अॅक्सेस कंट्रोल (कुणाला आत घ्यायचं याची तपासणी) बंद करायचा एक चौकोन येतो. खिडकी उघडली नाही की पोरं यूट्यूबवर शोधतात, तिथे कुणीतरी ‘तिथे टिक करा’ सांगतो, आणि हे टिक करतात. लगेच चालतं, म्हणून मग ती टिक कायमची राहते. अहो, ती टिक म्हणजे घराचं दार काढून ठेवणं. फायरवॉल आडवी आली नाही तर त्याच वायफायवरचं कुठलंही मशीन 6000 नंबरच्या पोर्टवर येऊन तुमच्या एक्सच्या खिडक्यांचा फोटो काढू शकतं, आणि त्या खिडक्यांत तुम्ही जे टाइप करता ते अक्षर न अक्षर वाचू शकतं. जुने लोक ‘एक्सहोस्ट प्लस’ ही कमांड मारायचे, त्याचाच हा माउसवाला अवतार. एसएसएचमधून आलात तर या टिकेची गरजच नाही. पलीकडे डिस्प्ले व्हेरिएबल (खिडकी कुठे पाठवायची ते सांगणारी नोंद) आपोआप ‘लोकलहोस्ट:10.0’ होतं, म्हणजे एसएसएचच्या तोंडाशी, आणि एक्सऑथ हा प्रोग्रॅम चावी सांभाळतो. तो व्हेरिएबल हाताने लॅपटॉपच्या आयपीवर वळवणारा माणूस दिसला की मी त्याच्या टेबलाशी जाऊन उभा राहतो.

आता व्हीएनसीवाले. तुम्ही वीस अक्षरांचा पासवर्ड ठेवून खूश असता. जुन्या पद्धतीच्या व्हीएनसी पासवर्डमध्ये पहिली आठच अक्षरं धरतात, पुढची बारा गंगार्पण. त्या पद्धतीत पडद्यावरचं चित्रही उघडंच येतं. म्हणून व्हीएनसी फक्त लोकलहोस्टवर ऐकणारं ठेवा आणि 5901 पोर्ट एसएसएचच्या बोगद्यातून आणा. टायगरव्हीएनसी या नव्या व्हीएनसीत टीएलएस (चित्र गुप्त करून पाठवायची सोय) आहे, पण ते चालू आहे की नाही हे बघितलंय कुणी?

शिवाय गेल्या दिवाळीनंतर मोजलं तर एकाच मशीनवर तेवीस व्हीएनसी सेशन निघाली. त्यातली नऊ कंपनी सोडून गेलेल्यांची. प्रत्येकात एक अख्खा डेस्कटॉप आणि एक ब्राउझर, मेमरी खात बसलेला.

ऑस्टिनचा_पाहुणा

सहा महिने टेक्सासला आहे, मशीन पुण्यातच. वर ज्यांनी 8 मिलिसेकंदाचा पिंग सांगितला त्यांना इथून नमस्कार. माझा 260 च्या आसपास असतो.

एक्सची मेख अंतरात आहे. प्रोग्रॅम खिडकीला सारखं काहीतरी विचारत राहतो: हा फॉन्ट आहे का, ही जागा केवढी, हे क्लिपबोर्ड कुणाकडे. उत्तर आल्याशिवाय पुढे सरकत नाही. समजा एका डायलॉगला अशा चाळीस फेऱ्या लागल्या. ऑफिसात ते डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. माझ्याकडे चाळीस गुणिले पाव सेकंद, म्हणजे दहा सेकंद. बँडविड्थ कितीही घ्या, समुद्राखालची केबल काही आखूड होत नाही. एसएसएचचं कॉम्प्रेशन चालू करून पाहिलं. त्याने डेटा कमी झाला, फेऱ्या तेवढ्याच.

व्हीएनसीत हे प्रश्नोत्तर पलीकडच्या मशीनच्या पोटातच उरकतं, माझ्याकडे फक्त चित्र येतं. टाइप केलेलं अक्षर पाव सेकंद उशिरा दिसतं, त्याची सवय होते. दहा सेकंदांच्या डायलॉगची होत नाही.

पोस्टडॉक_ताई

तुम्ही सगळे एक्सटूगो का विसरलात? मी जर्मनीतून आमच्या विभागाच्या क्लस्टरवर तेच वापरते. नोमशीनने एनएक्स नावाचं तंत्र काढलं होतं. ते या फेऱ्या वाचवतं, आधी आलेलं जपून ठेवतं. नोमशीनने पुढे चौथ्या आवृत्तीपासून आपला कोड बंद केला, पण तिसऱ्याच्या खुल्या कोडवर एक्सटूगो उभं आहे. सगळं एसएसएचमधून जातं. सेशन बाजूला ठेवून घरी जाऊन परत जोडता येतं, म्हणजे रात्रपाळींची लाइट गेली तरी चालेल. आणि एकच प्रोग्रॅम उघडायचा असेल तर तीही सोय आहे.

एक खोट आहे. नव्या ग्नोम या लिनक्स डेस्कटॉपशी त्याचं पटत नाही. पलीकडे एक्सएफसीई किंवा माटे हे साधे डेस्कटॉप टाकून घ्यावे लागतात, म्हणजे अॅडमिनची मनधरणी आली. अॅडमिनकाका, तुमच्यासारखेच एक आमच्याकडे आहेत. केकवर काम झालं.

मॅकवाली_मृणाल

मॅकवर एक्सक्वार्ट्झ हा एक्स सर्व्हर टाकते. एसएसएचला मोठा एक्स (-X हा पर्याय) लावून सकाळी सगळं चालायचं, चहा पिऊन आलं की नवी खिडकी उघडायला नकार. दोन आठवडे मी नेटवर्कवाल्याला शिव्या घातल्या. मग मॅन पेज (कमांडची माहितीपुस्तिका) वाचलं: त्या पर्यायात 20 मिनिटांची मुदत असते, त्यानंतर नवी जोडणी घेत नाही. मोठा वाय (-Y) लावला तर मुदत नाही, पण मग पलीकडच्या मशीनवर पूर्ण विश्वास टाकायचा. नेटवर्कवाल्याची माफी मागितलेली नाही अजून.

वेलँडवादी

मेल्या म्हशीला मणभर दूध! एक्स संपलं हो. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स 10 मधून झॉर्ग (लिनक्सवरचा एक्स सर्व्हर) काढून टाकलाय. पुढे वेलँड (एक्सची जागा घेणारी नवी यंत्रणा) आणि आरडीपी (विंडोजची दूरचा डेस्कटॉप दाखवायची पद्धत). विंडोजमध्ये आरडीपीचा क्लायंट आधीपासूनच असतो, काही टाकायलाही नको. तुम्ही अजून 1987 च्या गोष्टी सांगताय.

बाणेरचा_टर्मिनल

सुरुवातीलाच सांगितलं ते पुन्हा वाचा, साहेब. झॉर्ग हा सर्व्हर, आणि सर्व्हर माझ्या लॅपटॉपवर आहे. पलीकडे फक्त एक्सच्या लायब्ररी आणि एक्सऑथ लागतात. तुमच्या 10 मधून झॉर्ग गेलं तरी एक्सवर लिहिलेलं टूल माझ्याकडे खिडकी पाठवणारच. आमची टूलं तर अशी आहेत की त्यांची बटणं बघून कॉलेजातली सन वर्कस्टेशन आठवतात. ती वेलँडवर कधी जातील ते टूलवाल्यांनाच ठाऊक.

हां, या जुन्या टूलांची एक कटकट कबूल करतो. ती फॉन्ट एक्स सर्व्हरकडे मागतात, म्हणजे लॅपटॉपकडे. तिथे नसला की मेनूची अक्षरं एकमेकांवर चढतात. एक्समिंग (आणखी एक एक्स सर्व्हर) टाकलं तर फॉन्टचं पॅकेज वेगळं टाकायचं असतं, हे कुणी सांगत नाही. चार तास गेलेत माझे त्यात.

ऑस्टिनवाल्यांचं मान्य. त्या अंतरावर मी पण एक्स वापरणार नाही.

अनुवादक_सातारा

मी चिपवाली नाही, मराठी सॉफ्टवेअर-भाषांतराचं काम करते. व्हीएनसीत देवनागरी कॉपी करून पलीकडे पेस्ट केली की नुसती प्रश्नचिन्हं यायची. शेवटी कळलं की व्हीएनसीच्या मूळ प्रोटोकॉलमधला क्लिपबोर्ड लॅटिन-1 (पश्चिम युरोपीय भाषांच्या अक्षरांचा जुना संच) पुरताच आहे, आपली अक्षरं त्यात बसतच नाहीत. दोन्ही टोकांना नवं टायगरव्हीएनसी घातलं तेव्हा सुटलं. एका टोकाला जुनं असेल तर परत प्रश्नचिन्हं. एक्स फॉरवर्डिंगमध्ये हा त्रास मला कधी झाला नाही. माझं मत बाणेरकरांना.

रात्रपाळी

एक मत वाढलं म्हणून हुरळू नका. तुमच्या त्या तीन पोरांचं काय झालं?

बाणेरचा_टर्मिनल

आज एकाला व्हीसीएक्ससर्व्ह टाकून दिलं, अॅक्सेस कंट्रोलची टिक न करता, काका. व्ह्यूअर उघडला, खिडकी छान शेजारी येऊन बसली. पोरगा दोन मिनिटं स्क्रीनकडे बघत राहिला आणि म्हणाला, “सर, बाकीचं लिनक्स कुठे गेलं?”