मदत हवी आहे: मामांना लिव्हर द्यायचंय, भाच्याला कोणती कागदपत्रं लागतात?

नमस्कार मंडळी. आम्ही तासगावचे. मामांना लिव्हर सिरॉसिस आहे. दारूचा थेंबही न घेतलेला माणूस. शुगर आणि फॅटी लिव्हरमधून हे झालं. तरी लोक भलतंच बोलतात आणि मामी ते ऐकून खचते. पोटातलं पाणी वरचेवर काढावं लागतं. परवा सोसायटीत सही करताना त्यांना स्वतःचं आडनाव लिहिता येईना. अमोनिया वाढून मेंदूवर परिणाम झाला, म्हणाले डॉक्टर. लॅक्टुलोज हे औषध सुरू केल्यावर जरा सावरलेत.

आता ट्रान्सप्लांटच. पुण्याच्या झेडटीसीसीच्या (मृत दात्यांचे अवयव वाटणारं विभागीय केंद्र) यादीत नाव घालतोय, पण वाट किती बघणार? त्यांना मूलबाळ नाही, मामीचा रक्तगट जुळत नाही, माझ्या आईलाही शुगर आहे. माझा जुळतो, लिव्हरचा भाग द्यायला मी तयार आहे. पण १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात भाचा ‘जवळचा नातेवाईक’ धरत नाहीत, म्हणून प्राधिकार समितीची परवानगी लागते.

कुणी यातून गेलंय का? नातं कोणत्या कागदांनी सिद्ध केलंत? आई आणि मामांचे शाळेचे दाखले चालतात का? ऑपरेशननंतर पुण्यात राहायची स्वस्त सोय कुठे होईल?

स्टेम सेलने लिव्हर बरं करतो म्हणणाऱ्यांचे नंबर कृपया पाठवू नका. ते अजून संशोधनातच आहे.