सहाव्या नंबरच्या पोराबद्दल बोलायचं की गप्प बसायचं? (क्रॉस कंट्रीच्या सीनियर्सचा सत्कार)

डोंबिवली_ते_सनीवेल

मंडळी, इथे कुणाची मुलं अमेरिकेत हायस्कूलला क्रॉस कंट्री पळतात किंवा पळायची का? सल्ला हवाय, आणि जरा घाईने हवाय. कार्यक्रम डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी आहे.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एका शाळेची ७ मुलं माळावरून, चढउतारांवरून पळतात. त्यातल्या पहिल्या ५ जणांचे नंबर मिळवायचे, ज्याची बेरीज कमी ती टीम वर. पहिले पाचही तुमचेच आले तर १५, त्याहून भारी काही नाही. सहावा आणि सातवा तेवढेच पळतात, तेवढेच ओकतात, पण बेरजेत नसतात. चार वर्षं मी हे आईला फोनवर समजावतेय आणि दर वेळी ती विचारते, "मग त्या दोघांना कशाला पळवतात गं उन्हात?"

या वर्षी तिला उत्तर मिळालं. सेक्शनची (म्हणजे राज्यातल्या आमच्या विभागाची) फायनल बेलमॉन्टला क्रिस्टल स्प्रिंग्जवर होती. आमच्या डिव्हिजनमधून स्टेटला, म्हणजे राज्याच्या स्पर्धेला, तीन टीम जाणार होत्या. तिसऱ्या जागेवर आमची बेरीज ११८. आणखी एका शाळेचीही ११८. बरोबरी झाली की दोन्हीकडचा सहावा पोरगा बघतात, असा नियम आहे. त्यांचा सहावा ५६वा आला होता, आमचा ५८वा. आमचा सहावा म्हणजे माझा मुलगा.

तो कोर्स २.९५ मैलांचा, सगळा चढउतारांचा आणि कोरड्या मातीचा. पोरं परत येतात तेव्हा गुडघ्यापर्यंत पीठ लावल्यासारखी दिसतात. घरी आल्यावर हा मागच्या अंगणातल्या नळाखाली स्पाइक्स, म्हणजे खिळ्यांचे बूट, धुवत बसला. जुना टूथब्रश घेऊन एकेक खिळा. पाऊण तास. ट्रॅकचे स्पाइक्स वेगळे आहेत, कॉलेजात तो पळणार नाही, म्हणजे हे स्पाइक्स पुन्हा लागणारच नव्हते. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. जेवायला हाक मारवेना.

आता बॅन्क्वेट, म्हणजे सीझन संपल्यावरचं टीमचं जेवण. पाच सीनियर्स (बारावीची मुलं) आहेत आणि त्यांच्या सत्काराचं काम माझ्याकडे आहे. (ऑगस्टमध्ये हौसेने मागून घेतलं होतं. वाटलं, फोटो चिकटवायचे आणि केक आणायचा, झालं.) हातात ३०० डॉलर. एका बाबांचं म्हणणं, प्रत्येकाला लाकडी पाटी द्या आणि त्यावर '११८' कोरा. एक आई म्हणते त्या रेसचा विषयच नको, पोरांच्या जखमेवर मीठ. कोच म्हणाले, "तुम्ही बोलाल ते छानच असेल." म्हणजे ते सुटले.

रेसबद्दल बोलले तर सगळ्यांच्या माना माझ्याच मुलाकडे वळणार. नाही बोलले तर आईने झाकलं असं होणार. आणि बाकीच्या चौघांनी काय केलंय, की माझ्या अडचणीपायी त्यांचा शेवटचा सीझन गुळमुळीत उरकायचा? काय करू?

शिकागोकर_बाबा

माझ्या दोन्ही मुली पळायच्या. आमच्याकडे इलिनॉयची स्टेट मीट पिओरियाला डेटवायलर पार्कात असते, तीन मैल. मोठीला चारही वर्षं तिथे प्रेक्षक म्हणूनच जाता आलं.

रेस झाकू नका. पोरांना सगळे आकडे पाठ असतात, आपल्याला वाटतं आपण लपवतोय. आमच्या कोचने एक साधी गोष्ट केली होती. प्रत्येक सीनियरची नववीतल्या पहिल्या रेसची वेळ आणि शेवटच्या रेसची वेळ, एवढंच वाचलं. विशेषणं नाहीत. माझी लेक २६ मिनिटांवरून २० च्या आत आली होती. तेव्हा हॉलमध्ये जी टाळी पडली ती सांत्वनाची नव्हती.

आणि एल्महर्स्टच्या यॉर्क हायस्कूलच्या जो न्यूटनबद्दल वाचा. या माणसाच्या मुलांनी स्टेटच्या २८ ट्रॉफ्या आणल्या, पण इथे जुने लोक सांगतात ते दुसरंच: टीममध्ये दोनशेच्या आसपास पोरं, आणि रोज प्रत्येकाशी हात मिळवायचा, अगदी शेवटी येणाऱ्याशीही. वर्सिटीत, म्हणजे शाळेच्या मुख्य टीममध्ये, पळणारे सातच असतात हो. म्हणजे उरलेल्या पोरांची अख्खी चार वर्षं त्या हात मिळवण्यावरच निघायची.

माणदेशी_मास्तर

ताई, मी माण तालुक्यात ३१ वर्षं पीटी शिकवलं. आमच्याकडे क्रॉस कंट्री म्हणजे ओढा, बांध, बाभळीचे काटे, आणि निम्मी पोरं अनवाणी. तुमच्या नियमांचं मला फार कळत नाही, पण थोडक्यात हुकणं कळतं.

पोरांना पी. टी. उषाची गोष्ट सांगा. तुमच्याच कॅलिफोर्नियात, १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये, ४०० मीटर हर्डल्सला ५५.४२ सेकंद. तिसरी आली तिची वेळ ५५.४१. सेकंदाचा शंभरावा भाग. आज त्या तिसरीचं नाव भारतात किती जणांना ठाऊक आहे? बीडचा आपला अविनाश साबळे घ्या. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थमध्ये स्टीपलचेसला (अडथळे ओलांडत पळायची ३००० मीटर) ८:११.२० आणि रौप्य. सुवर्णवाला केनियन ८:११.१५. आणि आमच्याच तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओत फायनलला पोचली, उषानंतर ३२ वर्षांनी. फायनलमध्ये दहावी आली. "फक्त दहावी" असं म्हणणारा माणूस मला अजून या भागात भेटलेला नाही.

सातवा_नंबर

मराठी टाइप करायला मला वेळ लागतो, चुका चालवून घ्या. मी न्यू जर्सीत वाढलो, २०१९ ला सीनियर होतो. नावावरून कळलंच असेल कितवा.

मास्तर, तुमच्या गोष्टी मला आवडल्या, साबळेची रेस तर मी चारदा पाहिलीये. पण प्लीज बॅन्क्वेटला ऑलिंपिक नको. सतरा वर्षांच्या मुलाला तेव्हा एवढंच ऐकू येतं की हे लोक माझी समजूत घालतायत. आम्हाला प्रिफाँटेन या अमेरिकन रनरची गोष्ट ऐकवली होती, तो १९७२ ला म्युनिकमध्ये ५००० मीटरला शेवटच्या क्षणी चौथा झाला ती. टेबलाखाली मी फोनवर गेम खेळत होतो.

काकू, आता तुमच्या मेन प्रश्नाबद्दल. तुम्हाला वाटतंय सगळे तुमच्या मुलाकडे बघतील. मी अशा टीममध्ये होतो म्हणून सांगतो: त्या वेळी कोणी कोणाकडे बघत नाही. ११८ झाले ना? पाचातल्या कोणीही दुसऱ्या टीमचा फक्त एक मुलगा जास्त पास केला असता तर ११७ झाले असते आणि टायच झाला नसता. हे त्या पाचही जणांना रिझल्ट लागल्यावर दहा सेकंदांत कळलेलं असतं. प्रत्येकाच्या डोक्यात असा एक मुलगा असतो. माझा हिरव्या जर्सीतला होता. होल्मडेल पार्कच्या कोर्सवर 'बाउल' नावाचा खोलगट भाग आहे, त्यातून वर येताना तो माझ्यापुढे चार पावलांवर होता आणि मी ठरवलं की पुढच्या उतारावर धरतो. धरला नाही. मी सातवा, माझा नंबर बेरजेतही नव्हता. तरी सहा वर्षांनी त्याची पाठ मला आठवते.

म्हणून सहाव्याचं ओझं वेगळं काढून दाखवू नका, आणि "त्याची काही चूक नाही" हे तर अजिबात म्हणू नका. ते म्हटलं की चूक होती असं ठरतं.

दुसरं, सीनियर्सना पालकांनी काय म्हटलं ते आठवत नाही. ज्युनियर्सना बोलायला लावा. आमच्या वेळी नववीतला एक पोरगा उठून म्हणाला, "हा मला वॉर्मअपला रोज हाक मारून घेऊन जायचा, कारण मी बाथरूममध्ये लपायचो." तो 'हा' म्हणजे मी. मला माहीतही नव्हतं की तो लपायचा, मला वाटायचं त्याचं पोट बिघडतं.

आणि मुलाला आधी विचारा ना. आम्ही इकडे सल्ले देतोय, तो तुमच्या घरातच आहे.

पुणेरी_पाटी_फ्रीमाँट

पाट्या नकोत. (माझं नाव बघून हसू नका.) माझ्या दोन पोरांच्या मिळून ३४ ट्रॉफ्या कपाटावर आहेत. धुळीसकट. कुणी नेता का?

डोंबिवली_ते_सनीवेल

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला. काल कार्यक्रम झाला.

सातवा_नंबर, तुझं वाचून मी त्याच रात्री मुलाला विचारलं. गाडीत विचारलं, कारण समोरासमोर बसलं की तो फक्त "फाइन" म्हणतो. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "काहीही बोल, फक्त 'सो क्लोज' म्हणू नकोस. सगळे तेच म्हणतायत." पुढच्या सिग्नलला त्याने आपणहून सांगितलं की त्याच्या डोक्यातला, न धरलेला मुलगा पांढऱ्या टोपीवाला होता. मी तुझी हिरवी जर्सी त्याला सांगितली नव्हती, बरं का.

थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी स्टेट मीट असते. पाचही जण पहाटे चारला निघून फ्रेझ्नोला वुडवर्ड पार्कात गेले, प्रेक्षक म्हणून. ज्या शाळेशी बरोबरी झाली तिच्यासाठी ओरडून आले, घसे बसवून. का, म्हणून विचारलं तर म्हणे, ते हरले असते तर आपण आणखीच वाईट. मी खजुराचे लाडू दिले होते (एकाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, म्हणून कूट नाही). डबा रिकामा आला आणि आमचा नव्हता. तो दुसऱ्या शाळेच्या कुणाचा तरी आहे, झाकणावर आडनाव लिहिलंय. आमचा त्यांच्याकडे असावा.

बॅन्क्वेटला शिकागोकरांचं ऐकून पहिल्या आणि शेवटच्या वेळा वाचल्या. क्रिस्टल स्प्रिंग्जची रेस एका वाक्यात सांगितली, ११८-११८, आणि पुढे गेले. मग ज्युनियर्स उठले. चौघं ठरवून आले होते, पाचवा आयत्या वेळी उठला. माझ्या मुलाबद्दल नववीतला एक बुटका पोरगा बोलला. त्याच्या पहिल्या रेसच्या आधी माझ्या मुलाने त्याला बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला लावली होती, दोनदा, आणि तिसऱ्यांदा स्वतः खाली बसून बांधून दिली. घरात या मुलाचे बूट दारात नाडी न सोडताच लाथाडलेले असतात. मी आणि हे एकमेकांकडे बघतच राहिलो.

मास्तर, ललिता बाबरचं मी सभेत बोलले नाही. घरी सांगितलं. त्याने तिची रिओची रेस शोधून बघितली आणि आजीला फोन करून 'माण' कुठे आलं ते विचारलं.

पाट्या रद्द. ३०० डॉलरमधून टीमला नवा कॅनोपी तंबू घेतला, जुन्याचा एक पाय दोन वर्षं डक्टटेपवर उभा होता. सीनियर्सनी आतल्या बाजूला, छताच्या कोपऱ्यात मार्करने पाच नावं लिहिली. मी काही सांगितलं नव्हतं. खाली ११८ कुणी लिहिलंय ते कुणी कबूल करत नाही, पण तो ८ मी ओळखते.

२३ डॉलर उरलेत. त्याचं काय करायचं हे मात्र इथे विचारत नाही.