बॉब मार्लीचा 'लेजंड': कोणती प्रत घ्यावी, आणि त्यानंतर काय?

ढगाळ हवा
रेगेची (जमैकातल्या संगीताची) सुरुवात 'लेजंड'पासून करावी असं जो तो सांगतो. १९८४ चा संग्रह, तरी अजून खपतोय. शोधायला गेलं तर त्याच मुखपृष्ठाच्या पाच-सहा प्रती दिसतात. १४ गाण्यांची, १६ गाण्यांची, डिलक्स, रिमिक्स्ड... यातली नेमकी कोणती घ्यावी? घरी बेल्टवर चालणारा साधा टर्नटेबल आहे, एरवी ऐकणं मोबाइलवरच. दुसरं म्हणजे हा एक संग्रह पुरेसा आहे, की मूळ अल्बमच घ्यावेत? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

चकतीबहाद्दर
आधी मोबाइलचं, कारण ते फुकटात सुटतं. संग्रह उघडा आणि 'एक्सोडस'ची लांबी बघा. साडेसात मिनिटांच्या पुढे असेल तर मूळ अल्बममधलं अख्खं गाणं आहे. सव्वाचार मिनिटांच्या आसपास असेल तर कापलेलं. 'नो वूमन, नो क्राय'लाही हीच कसोटी लावा: सात मिनिटं म्हणजे पूर्ण, चार मिनिटं म्हणजे छाटलेलं. अमेरिकेत निघालेल्या पहिल्या आवृत्तीत काही गाणी एरिक थॉर्नग्रेनने नव्याने मिक्स केली होती. ड्रमवर ऐंशीच्या दशकातला तो घुमारा चढवलाय, लगेच कळतो. काहींना आवडतो. माझ्या मते मार्लीच्या बँडला त्याची गरज नव्हती.

सीडी घ्यायची असेल तर २००२ ची रीमास्टर. मूळ १४ गाणी, शिवाय 'ईझी स्कँकिंग' आणि 'पंकी रेगे पार्टी' अशी १६. त्याच वर्षीच्या डिलक्समध्ये दुसऱ्या चकतीवर १९८४ ची लांबलचक रिमिक्स आहेत. पहिल्या खरेदीला त्यावर पैसे घालवू नका. 'लेजंड रिमिक्स्ड' (२०१३) हे तर वेगळंच प्रकरण आहे, क्लबमधल्या नाचासाठी केलेलं. मुखपृष्ठाच्या साम्यामुळे लोक फसतात. २०१४ च्या तिसाव्या वर्षाच्या आवृत्तीत ब्लू-रेवर ५.१ मिक्स आहे. घरात पाच स्पीकर नसतील तर तिकडे फिरकूही नका.

उलटतपासणी
एलपीच्या बाबतीत थोडा विरोधी सूर लावतो. 'लेजंड'च्या एका बाजूला सात गाणी, म्हणजे जवळपास २५ मिनिटं. एलपीची बाजू जितकी लांब तितकी खोबण जवळजवळ कोरावी लागते. खर्जाची खोबण रुंद लागते, तेव्हा चकती कोरणारा एक तर एकूण आवाजाची पातळी उतरवतो नाही तर खालचे सूर छाटतो. आणि रेगेचा जीव नेमका तिथेच. त्याउलट 'एक्सोडस' (१९७७) अख्खा अल्बम सुमारे ३७ मिनिटांचा, बाजूला सतरा ते वीस. तोच बँड, तोच बेस, पण चकतीवर त्याला ऐसपैस जागा मिळालीय. टर्नटेबलवर फरक ऐकू येतो. म्हणून 'लेजंड' मोबाइल-सीडीवर आणि पैसे खर्चून एलपी घ्यायचीच तर 'एक्सोडस'ची, हे माझं मत. 'लेजंड'च्या १४ पैकी पाच गाणी त्यातलीच आहेत: 'एक्सोडस', 'जॅमिंग', 'वेटिंग इन वेन', 'थ्री लिटिल बर्ड्स', 'वन लव्ह'.

चकतीबहाद्दर
@उलटतपासणी, खोबणीच्या गणितावर सहमत. पण जुनी ब्रिटिश प्रत (कव्हरच्या कण्यावर 'बीएमडब्ल्यू १' असा क्रमांक, मोटारीशी संबंध नाही, बॉब मार्ली अँड द वेलर्सची आद्याक्षरं) स्वस्तात मिळाली तर सोडू नये.

जुनी घेताना: कव्हरवरून किंमत करू नका, चकती दिव्याखाली तिरकी धरा. बारीक रेघा चालतात. नख अडकेल अशी रेघ असेल तर ती दर फेरीला 'टक्' करणार, साबण लावून जाणार नाही. मधल्या भोकाभोवती बारीक ओरखड्यांचं जाळं असेल तर चकती खूप वाजलेली आहे. शेवटच्या गाण्यात, म्हणजे आतल्या खोबणीत, 'स' फाटल्यासारखा येतो का तेही ऐका. तिथे झीज आधी दिसते. आणि आपल्याकडचा खास रोग म्हणजे बुरशी. पावसाळ्यात बंद कपाटात राहिलेल्या चकत्यांवर पांढरे ठिपके येतात. डिस्टिल्ड पाण्यात पाचवा हिस्सा आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ मायक्रोफायबर, खोबणीच्या दिशेने पुसायचं, आडवं कधीच नाही. लेबल कोरडं ठेवा. जुन्या ७८ च्या लाखेच्या तबकड्यांना मात्र हे अल्कोहोल लावू नका, लाख विरघळते. पुसून झाल्यावर आतला कागद नवा घाला, नाहीतर बुरशी परत तिथूनच येते.

सुईचा दाब कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या डबीच्या) कागदावर लिहिलेला असतो, बहुधा १.८ ते २.२ ग्रॅमच्या दरम्यान. 'हलकी सुई म्हणजे चकती कमी झिजते' हा गैरसमज. कमी दाबाची सुई जोरदार बेसवर खोबणीत उड्या मारते आणि जास्त नुकसान करते.

मंद्रसप्तक
मोबाइलवरून आलेल्यांना रेगे 'सगळं एकसारखं' वाटतं, त्याचं साधं कारण आहे. मोबाइलच्या स्पीकरमधून सुमारे दोनशे हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काहीच येत नाही. बेस गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झची. म्हणजे मार्लीच्या बँडमधल्या ॲस्टन 'फॅमिली मॅन' बॅरेटने बेसवर वाजवलेली चाल तिथे ऐकूच येत नाही, उरते ती गिटारची टिकटिक. या संगीतात गाण्याची दुसरी चाल बेसवर चालते. ती गेली की पोहे आहेत पण फोडणी नाही अशी गत. कानात बसणारे साधे वायरचे इअरफोनही चालतील. मोठे स्पीकर असतील तर कोपऱ्यात कोंबू नका, भिंतीपासून वीतभर-दीड वीत पुढे ओढा. कोपऱ्यात बेस वाढतो खरा पण एकच सूर घुमत राहतो, चाल कळत नाही.

तालाचं एक सांगतो, आपल्या कानाला लगेच पटेल. चार मात्रा मोजा. पहिल्या मात्रेवर, जिथे आपण सम धरून टाळी देतो, तिथे ड्रम गप्प. ठोका पडतो तिसऱ्या मात्रेवर. याला 'वन ड्रॉप' म्हणतात. दुसऱ्या आणि चौथीवर गिटारचा तुटक झटका. 'थ्री लिटिल बर्ड्स' लावा आणि समेवर टाळी द्यायचा प्रयत्न करा, हात हवेत राहतो. मग 'एक्सोडस' लावा: तिथे कार्ल्टन बॅरेटचा पाय प्रत्येक मात्रेवर पडतो, म्हणून ते चाल करून गेल्यासारखं वाटतं. दोन भाऊ, एक बेसवर, एक ड्रमवर. एवढी वर्षं हा संग्रह कानाला शिळा होत नाही त्याचं निम्मं श्रेय त्यांना.

आडगल्ली
उरलेलं निम्मं श्रेय निवडीला द्या. ती किती हिशेबाने केलीय ते बघण्यासारखं आहे. मार्ली ११ मे १९८१ ला गेला, वय ३६. तीन वर्षांनी, त्याचे अल्बम काढणाऱ्या आयलंड कंपनीची धुरा डेव्ह रॉबिन्सनकडे होती, 'स्टिफ रेकॉर्ड्स'वाला. त्याने ठरवून बंडखोर मार्ली मागे ठेवला आणि प्रेमाची, दिलाशाची गाणी पुढे आणली. मुखपृष्ठावर एड्रियन बूटने काढलेला शांत, विचारात पडलेला चेहरा. धूर नाही, मूठ नाही.

कोणतं गाणं कुठून आलं ते मांडलं की कात्री कुठे चालली ते दिसतं. 'कॅच अ फायर'मधून (१९७३) 'स्टर इट अप'. 'बर्निन'मधून (१९७३) 'गेट अप, स्टँड अप' आणि 'आय शॉट द शेरीफ'. 'नो वूमन, नो क्राय' लंडनच्या लायसियम नाट्यगृहातल्या जुलै १९७५ च्या कार्यक्रमातलं. 'काया'तून (१९७८) 'इज धिस लव्ह' आणि 'सॅटिस्फाय माय सोल'. 'अपरायझिंग'मधून (१९८०) 'कुड यू बी लव्ह्ड' आणि 'रिडेम्प्शन साँग'. मृत्यूनंतर निघालेल्या 'कन्फ्रन्टेशन'मधून (१९८३) 'बफेलो सोल्जर'. बाकी पाच 'एक्सोडस'ची, वर आलीच आहेत.

आता काय नाही ते. 'रास्तामन व्हायब्रेशन' (१९७६) मधून शून्य. 'सर्व्हायव्हल' (१९७९) मधून शून्य. गंमत म्हणजे मार्ली हयात असताना अमेरिकेच्या यादीत पहिल्या दहात गेलेला त्याचा एकमेव अल्बम 'रास्तामन व्हायब्रेशन'च, आठव्या क्रमांकापर्यंत. त्यात 'वॉर' आहे, ज्याचे शब्द इथिओपियाचा सम्राट हाइले सेलासीच्या १९६३ च्या संयुक्त राष्ट्रांतल्या भाषणातून घेतलेत. 'सर्व्हायव्हल'मध्ये 'झिम्बाब्वे' आहे. एप्रिल १९८० मध्ये त्या देशाच्या स्वातंत्र्यसोहळ्यात मार्लीने ते तिथे जाऊन गायलं. असली गाणी दिवाणखान्यात चालली नसती, हा रॉबिन्सनचा अंदाज. धंद्याच्या दृष्टीने तो अचूक ठरला: ब्रिटनमध्ये १९८४ साली सलग १२ आठवडे पहिला क्रमांक, आणि अमेरिकेच्या 'बिलबोर्ड २००' यादीत आजवर ८०० हून जास्त आठवडे. त्यातही २००९ च्या अखेरीपर्यंत जुन्या अल्बमना त्या यादीत जागाच नव्हती. नियम बदलला तेव्हा हे महाशय परत येऊन बसले ते उठलेच नाहीत.

उलटतपासणी
म्हणजे अर्धाच मार्ली विकला, आणि तोही गोडाचा.

आडगल्ली
अर्धा म्हणा, पण खोटा नाही. 'गेट अप, स्टँड अप' दुसऱ्या बाजूला लपवलेलं नाही, सहावंच गाणं आहे, आणि त्यातलं शेवटचं कडवं मार्लीचा बँडमधला साथीदार पीटर टॉश गातो. 'रिडेम्प्शन साँग'मध्ये कृष्णवर्णीयांचा जमैकन नेता मार्कस गार्व्हीचे शब्द आहेत. सोबतीला फक्त एक गिटार, ना ड्रम ना बेस. नकळत ऐकणाऱ्यालाही तिथे थांबावंच लागतं. क्रम कालानुसार लावला असता तर १९७३ चे तीन कडक घोट आधीच पाजले गेले असते. इथे सुरुवात १९७८ च्या प्रेमगीताने होते आणि 'एक्सोडस' शेवटून दुसरं येतं. तोवर ऐकणारा आत आलेला असतो.

मंद्रसप्तक
अवांतर: 'नो वूमन, नो क्राय'चा 'बाई नाही तर रडणं नाही' असा अर्थ लावून त्यावर विनोद करणारे फार भेटतात. जमैकाच्या बोलीत ते 'नको गं बाई, रडू नको' आहे. ट्रेंचटाउन या किंग्स्टनमधल्या वस्तीच्या अंगणातली गरिबी आठवत कुणीतरी कुणाची समजूत घालतंय.

अवांतर २: जमैकात 'गांजा' हा शब्दही आपल्याकडचाच. १८४५ पासून तिकडे नेलेल्या भारतीय गिरमिटियांबरोबर गेला.

ढगाळ हवा
सगळ्यांचे आभार. मग 'लेजंड'नंतर लगेच दुसरं काय? आणि रस्त्यावर, मॉलच्या टोपलीत 'बेस्ट ऑफ बॉब मार्ली' नावाच्या स्वस्त सीडी दिसतात, त्या चालतील का?

चकतीबहाद्दर
ताई, त्या टोपलीपासून सांभाळून. त्यातल्या बहुतेकांत आयलंडच्या आधीचा माल असतो, मुख्यतः जमैकन निर्माता ली पेरीने १९७०-७१ च्या सुमारास केलेला. मागे 'सोल रिबेल', 'डपी कॉन्करर', 'स्मॉल ॲक्स', '४०० इयर्स' अशी नावं दिसली की समजा. संगीत उत्तम, काहींच्या मते मार्लीचं सगळ्यात अस्सल. पण या स्वस्त प्रती कितव्या तरी नकलेवरून केलेल्या असतात, आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. हेच नीट ऐकायचं तर ट्रोजन कंपनीचं 'आफ्रिकन हर्ब्समन' घ्या. 'वन लव्ह'चंही साठच्या दशकातलं स्का (रेगेच्या आधीची जलद जमैकन शैली) चालीचं जुनं रूप आहे, ते 'लेजंड'मधलं नव्हे. आणि 'डोंट वरी, बी हॅपी' यादीत असेल तर सीडी खाली ठेवा. ते बॉबी मॅकफेरिनचं, १९८८ चं. मार्ली तेव्हा हयातच नव्हता.

आडगल्ली
दुसरी खरेदी म्हणून 'नॅचरल मिस्टिक' (१९९५) हा संग्रह. 'लेजंड'ने गाळलेलं बरंचसं त्यात आहे: 'वॉर', 'सो मच ट्रबल इन द वर्ल्ड', 'आफ्रिका युनाइट', 'क्रेझी बाल्डहेड्स'. एका संग्रहाने झाकलेली बाजू दुसऱ्याने उघडते, म्हणून हे दोन एकत्र घ्यावेत. पण अल्बम ऐकायची सवय असेल तर सरळ 'सर्व्हायव्हल'. चार चकत्यांचं 'साँग्ज ऑफ फ्रीडम' (१९९२) नंतर, आत्ता अपचन होईल.

उलटतपासणी
आणि 'कॅच अ फायर'ची २००१ ची दोन चकत्यांची आवृत्ती. एका चकतीवर जमैकातलं मूळ मिक्स आहे, दुसरीवर आयलंडचा मालक क्रिस ब्लॅकवेलने लंडनमध्ये वेन पर्किन्सची रॉक गिटार चढवलेलं नेहमीचं. 'स्टर इट अप' दोन्हीकडचं पाठोपाठ ऐका. गोऱ्या श्रोत्यासाठी मार्लीला चव लावण्याचं काम १९८४ ला नाही, १९७३ ला सुरू झालं होतं. रॉबिन्सनला एकट्याला शिव्या देऊन उपयोग नाही, हे मीही मान्य करतो.

ढगाळ हवा
ठरलं तर. मोबाइलवर १६ गाण्यांची, 'एक्सोडस'ची लांबी बघून. एलपी 'एक्सोडस'ची. मग 'सर्व्हायव्हल'. स्पीकर आजच कोपऱ्यातून बाहेर काढते.

मंद्रसप्तक
काढाच. आणि 'एक्सोडस'च्या एलपीवर सुई दुसऱ्या बाजूला आधी ठेवू नका. 'जॅमिंग', 'वेटिंग इन वेन', 'थ्री लिटिल बर्ड्स', 'वन लव्ह' सगळी तिथेच आहेत, पण पहिली बाजू 'नॅचरल मिस्टिक'ने उघडते. आवाज अगदी शून्यातून हळूहळू वर येतो. स्पीकर बिघडला समजून बटण फिरवू नका, तीस सेकंद थांबा.