मदत हवी आहे: मखरासाठी ग्राइंडरला लाकडाचं पातं लावू का? आणि स्लॅबला हुक

मखरवाला

नमस्कार मंडळी. गणपतीला तीन आठवडे उरलेत. १२ मिमी प्लायची एक पूर्ण शीट (८ बाय ४) कापायची आहे: मागचा फळा, दोन बाजू, वर कमान. शिवाय झालर-फुलांची चौकट टांगायला स्लॅबला चार हुक लावायचेत. चौकट फुलांसकट ८-१० किलो भरेल. घरात ४ इंची ग्राइंडर, १३ मिमीचं हॅमर ड्रिल आणि सहा फुटी ॲल्युमिनियमची घडीची शिडी आहे. छत साडेनऊ फुटांवर. हार्डवेअरवाल्याने ४० दातांचं लाकडाचं पातं दिलंय. गार्डमध्ये (चकतीवरच्या झाकणात) ते अडतं, तर तो म्हणतो, "गार्ड काढा, मग बसतं." काढू का? आणि शिडीवरून स्लॅबला भोकं पाडताना काय काय सांभाळायचं?

ओळंबा

गार्ड काढू नका, पातं परत करा.

ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतो. लोखंड कापायच्या चकतीला दात नसतात. ती खाचेत अडकली तर बहुतेकदा घासत राहते, कधी झटका देते किंवा तुटते (म्हणूनच गार्ड असतो). लाकडाच्या पात्याचं त्याहून वाईट. दात प्लायच्या थरात रुतला की पातं जागेवर थांबतं आणि मोटरचा सगळा जोर मशीन मागे फेकण्यात जातो. मागे म्हणजे तुमच्या मांडीकडे, पोटाकडे, वाकून कापत असाल तर गळ्याकडे. शिवाय ग्राइंडरला खाली टेकायला सपाट पट्टी नाही. मनगट जरा कललं की पातं खाचेत तिरकं होतं, आणि ते रुतायला तेवढं पुरतं.

भोकाचंही बघा. ४ इंची ग्राइंडरच्या चकतीचं भोक १६ मिमी, लाकडाच्या पात्याचं बहुधा २० मिमी. मधली रिंग नसेल तर पातं केंद्रात बसत नाही आणि पहिल्या सेकंदापासून थरथरतं. पात्यावर कमाल फेरे छापलेले असतात. तो आकडा मशीनवरच्या आकड्यापेक्षा कमी असेल तर विषय संपला.

आणखी एक गोष्ट, जी आपल्याकडे फार लागू पडते. बऱ्याच ग्राइंडरचं बटण सरकवून अडकवायचं असतं. चालू असताना लाईट गेली, तुम्ही मशीन तसंच टेबलावर ठेवलं आणि दहा मिनिटांनी लाईट आली, तर ते आपोआप फिरायला लागतं. लाईट गेली की आधी प्लग काढायचा.

मखरवाला

पण सुतार सर्रास मार्बल कटरला पातं लावून प्लाय कापतात ना?

ओळंबा

कापतात. मार्बल कटरला निदान खाली पट्टी असते, त्यामुळे पातं सरळ राहतं. पण खऱ्या सर्क्युलर सॉला (गोल पात्याच्या लाकडाच्या करवतीला) पातं लाकडाबाहेर आलं की आपोआप झाकणारा खालचा गार्ड असतो, तो याला नाही. आणि बटण सोडल्यावरही पातं काही सेकंद फिरतच असतं. तेवढ्यात कटर फरशीवर टेकवला तर तो स्वतःच चालत सुटतो. एका मखरासाठी त्या वाटेला जाऊ नये.

सरळ काप प्लायच्या दुकानातच करून घ्या. मोठ्या दुकानांत पॅनल सॉ (शीट सरळ कापायचं मशीन) असतो. मापं मिलिमीटरमध्ये लिहून न्या आणि प्रत्येक कापाला पात्याच्या जाडीचे ३ मिमी धरा.

रंधा_पटाशी

कमानीसाठी जिगसॉ (वर-खाली चालणाऱ्या पात्याची, गोलाई कापणारी विजेची करवत). भाड्याने मिळाला तर उत्तम. पातं लाकडाचं, इंचाला १० दात. जिगसॉचं पातं वर येताना कापतं, म्हणून चिलप्या वरच्या बाजूला उडतात. दर्शनी बाजू खाली ठेवा, रेघ वरच्या अंगावर काढा. प्लाय टेबलाला दोन क्लॅम्पने आवळा. एका हाताने दाबून दुसऱ्या हाताने कापणं नको, कारण पातं खाली इंचभर बाहेर असतं आणि दाबणाऱ्या हाताची बोटं नेमकी कडेखाली गेलेली असतात. कापून सुटणारा तुकडा लोंबकळू देऊ नका. त्याच्या वजनाने खाच मिटते आणि पातं चिमटीत सापडतं.

हातमोजे फिरत्या मशीनला नकोत, सुती तर नकोच. धागा अडकला की बोट ओढलं जातं. ओढणी, सैल बाही, गळ्यातली साखळी हेही तसंच.

फेज_न्यूट्रल

आता स्लॅब. आपल्याकडे पंख्याची वायर स्लॅबमधल्या पाइपातून भिंतीकडे जाते. पंख्याच्या बॉक्सपासून स्विचबोर्डाच्या भिंतीकडे डोळ्यांनी एक रेघ ओढा आणि त्या पट्ट्यात भोक पाडू नका. भिंतीतही बोर्डाच्या सरळ वर-खाली आणि आडव्या रेषेत नको.

त्या खोलीच्या लाईट-पंख्याची एमसीबी (मेन बोर्डातला आपोआप पडणारा स्विच) पाडा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. तुम्ही शिडीवर असताना कुणीतरी आत येतं आणि सवयीने पंखा लावतं. काम दिवसा करा आणि ड्रिलला वीज दुसऱ्या खोलीतून घ्या. एक्स्टेन्शन रीळवालं असेल तर पूर्ण उलगडा, गुंडाळलेली वायर तापते.

एमसीबी वायर जळण्यापासून वाचवते, माणसाला नाही. १६ अँपिअरची एमसीबी पडायला जेवढा करंट लागतो, त्याच्या पाचशेव्या हिश्शात माणूस जाऊ शकतो. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच तोडणारा स्विच) हवा. त्यावरचं टेस्ट बटण दाबून बघा, लगेच पडला पाहिजे. ॲल्युमिनियमच्या शिडीवर उभं राहून वायरला भोक पाडलंत तर मधे दुसरं काही नसतं.

भोक: चार हुक असले तरी सगळा भार दोघांवरच येईल असं धरा. डोक्यावर टांगायला प्लॅस्टिकची गट्टी नको, ती हळूहळू सरकते. ६ मिमीचा लोखंडी हुकवाला अँकर फास्टनर (भोकात फुलून घट्ट बसणारा) घ्या आणि बिट पाकिटावर छापलेल्या मापाचाच वापरा. बिटवर खोलीच्या खुणेला चिकटपट्टी गुंडाळा. स्लॅबची सळी खालून २० मिमीच्या आसपास खोलीवर असते, त्यामुळे लागण्याची शक्यता बरीच. आवाज एकदम टणक झाला आणि बिट पुढे जाईना, तर जोर करू नका. ३-४ सेंमी बाजूला नवं भोक.

बिट अडकला की मशीनच गरकन फिरतं. म्हणून साइड हँडल लावलेलं हवं, आणि बटण लॉक करायची कळ शिडीवर कधीही दाबायची नाही.

कागदी पेल्याच्या बुडाला भोक पाडून बिटवर चढवा, पावडर त्यात पडते. तरी डोळ्याला बाजूंनी बंद गॉगल हवाच. साधा चष्मा वर बघताना काही अडवत नाही. नाकाला एन९५.

तिसरी_पायरी

सहा फुटी शिडी तुम्हाला पुरते. तिसऱ्या पायरीवर पाय जमिनीपासून सुमारे तीन फुटांवर, म्हणजे साडेपाच फुटी माणसाचं डोकं स्लॅबच्या फूटभर खाली. कोपर वाकवून ड्रिल धरायला ही उंची बरोबर. वरच्या दोन पायऱ्यांवर उभं राहायचं नाही. प्रत्येक हुकाला खाली उतरून शिडी सरकवा. पोटाचं बटण शिडीच्या दोन खांबांच्या मधेच राहिलं पाहिजे. घडीची शिडी पुढे-मागे पक्की आणि बाजूला कच्ची असते. बाजूला झुकून "हा एवढाच राहिलाय" म्हणणारे तिथेच पडतात.

मधले आडवे दांडे पूर्ण उघडून लॉक करा. घडी करून भिंतीला टेकवायची ही शिडी नाही. पायांचे रबर उलटे करून बघा, गुळगुळीत झाले असतील तर बदला. खाली पायपुसणं, चटई नको. आणि स्लॅबची पावडर व्हिट्रिफाइड टाइलवर पडली की ती कॅरमच्या पावडरीसारखं काम करते. दर भोकानंतर ओल्या फडक्याने पुसून कोरडं करा, तुमच्या बुटांचे तळवेसुद्धा. चप्पल नको, पकड असलेले बूट घाला.

वर चढताना हात रिकामे. ड्रिल खालच्या माणसाने द्यायचं, आणि त्याने शिडीसमोर उभं राहायचं, भोकाखाली नाही.

मखरवाला

धन्यवाद सगळ्यांना. प्लाय दुकानातून कापून घेतो, जिगसॉ सांगून ठेवलाय. एकच अडचण: आरसीसीबीचं टेस्ट बटण तीनदा दाबलं, तो पडलाच नाही.

फेज_न्यूट्रल

बटण दाबताना मेन चालू होता ना? वीज नसेल तर टेस्ट चालत नाही. वीज असूनही पडत नसेल तर तो खराब आहे किंवा जोडणी चुकली आहे. उघडून बघू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा. तोवर वायरवाली मशीन काढू नका. घाई असेल तर बॅटरीवर चालणारं रोटरी हॅमर भाड्याने घ्या, साधं बॅटरी ड्रिल काँक्रीटला पुरत नाही. पंख्याची एमसीबी मात्र तेव्हाही पाडायचीच.