मदत हवी आहे : माजी सैनिकांच्या बेरोजगारीचे आकडे कसे वाचायचे?

नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या बेरोजगारीवर वर्गात सादरीकरण करायचं आहे आणि पहिल्याच तक्त्यात अडकले आहे.

२०११ चे आकडे घ्या. सगळे माजी सैनिक मिळून बेरोजगारी ८.३ टक्के, सैन्यात कधीच नसलेल्यांची ८.७. म्हणजे सैनिक बरे? पण सप्टेंबर २००१ नंतर सेवा केलेल्यांची १२.१, आणि त्यातल्या १८ ते २४ वयाच्या पुरुषांची तर २९.१! त्याच वयाच्या इतर पुरुषांची १७.६.

मला वाटतं, एकूण आकडा वयस्कर सैनिकांमुळे खाली येतो. व्हिएतनामच्या काळातले बरेच जण निवृत्त झालेत. ते काम शोधतच नाहीत, म्हणून बेरोजगारांत धरले जात नाहीत. जखमी होऊन घरी बसलेल्यांचंही तेच. काम न शोधता सरकारी मदतीवर कॉलेजात शिकणाराही मोजणीबाहेर. (आमच्याकडे एमपीएससीची तयारी करणाऱ्यांना कुठे धरायचं, तसाच घोळ!)

शिवाय हे आकडे सुमारे ६० हजार कुटुंबांच्या पाहणीतून येतात. त्यात विशीतले माजी सैनिक असे कितीसे सापडणार? मग एका महिन्यात दर उसळला म्हणून बातमी करणं मला तरी पटत नाही.

माझा प्रश्न असा : तुलना करण्याआधी वय आणि लिंग यांचा फरक कसा काढून टाकायचा? एक्सेलमध्ये जमेल का? आणि बेरोजगारीच्या दराऐवजी एकूण लोकसंख्येत नोकरी असलेल्यांचं प्रमाण दाखवलं तर जास्त खरं चित्र दिसेल का? संख्याशास्त्रवाल्यांनो, जरा सोपं करून सांगा. सोमवारी सादरीकरण आहे.